चुडा स्कूटरवरून गेला

धाकट्यानं ती गाडी घरी आणली तेव्हा मी दुकानात बसून एका म्हातारीच्या हातात बांगड्या भरत होतो. गल्लीच्या तोंडाशी फटफट असा आवाज उठला, म्हातारीनं दचकून हात ओढला आणि अर्ध्यात आलेली बांगडी माझ्या बोटांत फुटली. आम्हा कासारांत बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण आता या वयात खरं लिहायला बसलो आहे, तर फुटली असंच लिहितो. त्याआधी कितीतरी महिने माझ्या हातून एकही बांगडी गेली नव्हती, आणि या गाडीनं दारात यायच्या आधीच माझा तो मान घालवला. म्हातारी हसत म्हणाली, "जा रं, बगून ये तुज्या भावानं काय आनलंय." मी गेलो नाही. राहिलेल्या बांगड्या भरल्या आणि मगच उठलो.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. माझा धाकटा भाऊ फौजेत ड्रायव्हर होता. सुटून येताना साताऱ्याच्या पोरांनी ट्रंका आणल्या, कांबळी आणली, एकानं तर इंग्रजी बाजा आणला. आमच्या पठ्ठ्यानं लष्कराच्या लिलावातून स्कूटर आणली. शेवाळी रंगाची, बुटकी, हातगाडीला शोभतील अशी चाकं, बसायला एक चौकोनी गादी आणि मागं लोखंडी कॅरिअर. दिसायला अगदीच ओबडधोबड. धाकटा सांगायचा, ही छत्रीवाल्या फौजेची गाडी. विमानातून खाली सोडायची, पडली की उभी करायची, किक मारायची आणि निघायचं. गल्लीतले लोक तिला फटफटी म्हणत. तो दर वेळी न कंटाळता सांगायचा, "फटफटी न्हवं गड्या, स्कूटर." म्हणून मी मुद्दाम फटफटीच म्हणायचो.

माझ्या पोटात दुखत होतं. आडून आडून कशाला सांगू? आम्ही दोघे भाऊ, वडील म्हणजे आबा, आणि घरात एकच धंदा, बांगड्यांचा. त्या धंद्यात मी थोरला होतो ते नुसता वयानं नव्हे. परका पुरुष बाईच्या हाताला हात लावतो तो एक वैद्य आणि एक कासार, आणि वैद्यही नाडी बघून हात सोडून देतो. म्हणून आबांनी लहानपणीच शिकवलं होतं, बसलास की नजर मनगटावर ठेवायची, वर बघायचं नाही. त्यामुळं साताऱ्यातल्या निम्म्या बायका मी तोंडावरून ओळखत नसे, हातावरून ओळखत असे. कुणाच्या अंगठ्याचं हाड रुंद, कुणाचा हात सकाळी मऊ आणि कामं उरकल्यावर ताठ, हे माझ्या बोटांना पाठ होतं. एकदा हात हातात आला की सव्वादोन, त्याहून एक माप मोठं दोन-सहा, की त्याहूनही मोठं अडीच, हे आपोआप कळायचं, आणि मग वर्षं लोटली तरी विसरायचं नाही. आबांची नजर अधू झाल्यापासून घरात माप म्हणजे मी. धाकट्याला हे कधी जमलं नाही. तो आधी एक मापाची बांगडी घालून बघायचा, मग भरायचा. गिऱ्हाईक त्याला चालवून घ्यायचं आणि मला बोलावून घ्यायचं. हा फरक मला फार गोड वाटायचा.

ती गोडी त्या गाडीनं घालवली. सातारा म्हणजे चढउताराचं गाव. पाठीवर पेटी, खांद्यावर बांगड्यांच्या माळा, अशा थाटात मी सकाळी निघायचो आणि दुपारपर्यंत जेमतेम दोन आळ्या व्हायच्या. तेवढ्या वेळात धाकटा आबांना देवळात सोडून, पोवई नाक्यावरून आईचं औषध आणून, करंजे गावातल्या चार घरी बांगड्या भरून जेवायला हजर असायचा. त्याच्या कपाळावर घामसुद्धा नसायचा. गाडी कशावरूनही जायची. शेणातून, ओघळीतून, बैलगाडीच्या चाकोरीतून, आणि एकदा तर एका घराच्या पुढच्या दगडी पायऱ्यांवरून. ती बिघडावी एवढंच मागणं मी देवाकडं मागायचो. चुकून बिघडलीच तर हा खिशातून पाना काढून रस्त्यातच गुडघ्यावर बसायचा, भोवती दहा माणसं जमायची, आणि चहा पिऊन होईतो गाडी पुन्हा सुरू. पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यामुळं मला थोडी आशा होती. तर गावोगाव प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचे सगळे ड्रायव्हर याचे फौजेतले दोस्त निघाले, आणि याची टाकी कधी रिकामी राहिली नाही.

आता काच तरी माझ्या बाजूनं उभी राहील असं मला वाटलं होतं. विमानातून टाकायच्या गाडीवर बांगड्या टिकतील कशा? मी चारचौघांत हे हसून बोलूनही दाखवलं. मग एकदा धाकटा सांगलीच्या व्यापाऱ्याकडून नक्षीचा माल आणायला निघाला. लष्करी पत्र्याच्या पेटीत त्यानं तळाला कांबळं घातलं, वर भाताचं तूस, त्यात कागदात गुंडाळलेल्या बांगड्या. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. मी स्वतः पेटी उघडली आणि एकेक जोड हातात घेऊन बघितला. एकही बांगडी गेली नव्हती. मी पुन्हा एकदा बघितलं. आबा शेजारी बसून कौतुकानं विचारत होते, "किती येळ लागला रं सांगलीला?" आणि तो रस्त्यातल्या गमती सांगत होता.

हळूहळू माझ्या आळ्यांतल्या बायकाही विचारायला लागल्या. मी ओसरीवर बसलो की, "आज धाकटे न्हाई आले?" असं म्हणत मगच हात पुढं करायच्या. त्यांना धाकटा नको होता, गाडी बघायची होती, हे मला कळत होतं. कळून काही फरक पडला नाही. आबा त्याच्या मागं बसून एका हातानं पागोटं धरून बाजारात जायचे तेव्हा तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या बायकोनं एकदा सहज म्हटलं, "तुमीबी शिका की. त्यात काय अवघड हाय?" मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र शिकायला गेलो. गावाबाहेरच्या माळावर धाकट्यानं मला गाडीवर बसवलं, मूठ कशी पिळायची ते दाखवलं आणि सोडलं. मी पंचवीस पावलं सरळ गेलो, मग गाडी एका दगडावरून उडाली आणि मी करवंदीच्या जाळीत. धाकटा धावत आला. गाडी आडवी पडून भडभडत होती, तिच्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि एकेक बोट वाकवून बघितलं.

"गाडी मरू दे दादा," तो म्हणाला. "बोटं बघ आदी. समदं घर ह्या बोटांवर चाललंय."

दुसऱ्या कुणालाही हे ऐकून बरं वाटलं असतं. मला वाटलं, हा मला जन्मभर पायीच हिंडवणार. मी पुन्हा त्या गाडीला हात लावला नाही.

एक घर मात्र मी हातचं जाऊ दिलं नव्हतं. रहिमतपूरच्या अलीकडं एक ऊसवाल्यांचं मोठं घर होतं, आबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. गावोगावचं काम धाकट्याकडं गेलं तरी त्या घरी मीच जायचो. तिथल्या नातीच्या हातात ती सहा वर्षांची असल्यापासून मी बांगड्या भरत होतो. पहिल्या वेळी ती हात मुठीत लपवून आजीच्या मागं दडली होती. मग दरसाल संक्रांतीला आणि नागपंचमीला तिचा हात माझ्या हातात यायचा आणि माप एकेक पायरी वर चढायचं. दोन-सहावर आलं आणि थांबलं. त्या वैशाखात तिचं लग्न ठरलं, मुलगा सांगलीचा. तिचा लग्नाचा हिरवा चुडा मी भरणार हे मी धरूनच चाललो होतो. माझ्यापाशी मिरवायला तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती मला हवी होती.

लग्नाच्या चार दिवस आधी तिचा चुलता दुकानात आला. पेन्शनीत निघालेला हवालदार, मिशा पिळलेल्या.

"आबा, चुडा भराय धाकट्याला धाडा," तो म्हणाला.

"त्या घरी थोरला जातोय की," आबा म्हणाले.

"जातो खरं. पर थोरला येनार सर्व्हिस मोटारीनं, म्होरं पायी. येस्तवर ऊन डोस्क्यावर. आनि आवं, धाकट्याची ती फौजेतली गाडी मांडवाच्या दारात हुबी ऱ्हायली म्हंजे पावन्यांस्नी बी कळंल, ह्ये घर फौजी हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमी वाईट वाटून घिऊ नगासा."

"न्हाई वो, त्यात काय," मी म्हणालो.

आबांनी क्षणभर माझ्याकडं तोंड केलं आणि मग म्हणाले, "बरं, धाकटाच यील." झालं. त्या पोरीचा हात मी बारा वर्षं सांभाळला होता, आणि चुडा एका गाडीला दिला गेला. माणसाला दिला असता तर मी एक वेळ सोसलं असतं.

नवरीच्या चुड्याची आमच्या घरची रीत निराळी होती. मापाचा चुडा काढायचा, फडक्यात बांधून देवापुढं ठेवायचा आणि तोच घेऊन जायचं. बरोबर दुसरा न्यायचा नाही, कारण जास्तीचा चुडा नेणं म्हणजे पहिला फुटणार असं आपणच म्हटल्यासारखं. त्या दिवशी चुड्याच्या आधी नवरीच्या हातात दुसरी कुठलीही बांगडी चढवायची नाही, मापाचीसुद्धा नाही. आणि चुडा जरा तंगच भरायचा, सैल चुडा नवरीच्या हातात बरा दिसत नाही. म्हणजे सगळं काही एका गोष्टीवर अडलेलं, माप आधी पक्कं ठाऊक पाहिजे.

हळदीच्या दिवशी सकाळी धाकटा आंघोळ करून, फेटा बांधून दुकानात आला. मी माळेची एक गाठ सोडवत बसलो होतो.

"दादा, त्या पोरीचं माप काय रं? तुज्या बोटांस्नी ठावं आसंल."

मी वर बघितलं नाही. म्हणालो, "सव्वादोन."

चुकून तोंडातून गेलं असं मी पुढं कैक वेळा स्वतःला सांगून बघितलं. चुकून गेलं नव्हतं. दोन-सहा म्हणायला तोंड उघडलं आणि समजून उमजून सव्वादोन म्हणालो. एका मापाचा फरक. सुताएवढा दिसतो, पण अंगठ्याच्या हाडापाशी तोच नडतो. धाकट्यानं सव्वादोनचा चुडा काढला, फडक्यात बांधला, देवापुढं ठेवून नमस्कार केला, आणि माझ्याही पाया पडून किक मारली.

मला काय हवं होतं तेही सांगतो. पहिलीच बांगडी अडावी, धाकट्यानं हात टेकावे, आणि त्या घरातून निरोप यावा की थोरल्याला धाडा. एवढंच. तो दिसेनासा होताच मी दोन-सहाचा हिरवा चुडा काढून फडक्यात बांधला आणि मागच्या फळीवर ठेवला. धुतलेला सदरा घातला. बायकोला म्हणालो, आज लवकर वाढ, मला कदाचित बाहेर जावं लागेल. ती म्हणाली, कुठं? मी म्हणालो, बघू. मग दुकानात येऊन बसलो आणि रस्त्याकडं कान लावला. लग्नाला निघालेल्या वऱ्हाड्यासारखा मी खुशीत होतो.

गाडी दुपारी आली. धाकटा उतरला, पायरीवरच बसला आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर रक्त होतं. त्याला लागलंय असं वाटून आबा उठले.

"माजं न्हवं," तो म्हणाला. मग खाली बघत सगळं सांगितलं. "दोन कशाबशा बसल्या. तिसरी ग्येली. चवथी ग्येली. पाचवीची काच तिच्या अंगठ्याच्या मुळाशी शिरली. लय रगात आलं आबा. पोरीनं हूं का चूं केलं न्हाई. बायका गप झाल्या. आजीनं पदर तोंडाला लावला. मग रहिमतपुरास्नं दुसरा कासार आनला, त्येनं चुडा भरला. हवालदार गाडीपतूर आला आनि म्हनला, जा आता."

"लगीन?" आबांनी विचारलं.

"लगीन लागतंय. पावन्यांपतूर काय जाऊ दिलं न्हाई."

नवरीच्या अंगावर हळद लागायच्या आधी तिच्या हातात चुडा फुटावा आणि रक्त निघावं, आणि ते आमच्या घरच्या हातून, हे आबांच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. त्यांनी विचारलं, "माप कुनी दिलं?"

धाकटा म्हणाला, "माप दादानं दिलं. माप बराबरच व्हतं. दादाचं माप कवा चुकलंय? माजीच बोटं मेल्यात. त्या फटफटीची मूठ धरून धरून हात बधिर झाल्यात, आनि तसल्या हातानं चुडा भराय बसलो."

फटफटी म्हणाला तो, स्कूटर नाही. मी धुतलेल्या सदऱ्यात तिथं उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्याहून वाईट म्हणजे, हा आता गावोगाव हिंडून मिरवणार नाही असं मनात येऊन माझ्या पोटात कुठंतरी थंड वाटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी नसताना मी फळीवरचा चुडा सोडला आणि माळेत घातला.

आठवडाभर धाकट्यानं पेटीला हात लावला नाही. मग एका सकाळी आबांसमोर म्हणाला, "मी आता भरनार न्हाई. गाडी मी चालवतो. दादा मागं बसंल. भरंल त्यो." आबांना पटलं. मला कुणी विचारलंही नाही, कारण मी नाही म्हणेन असं कुणाच्या मनातही आलं नाही.

अशा रीतीनं मी त्या गाडीवर बसलो. मांडीवर पेटी, समोर धाकट्याची पाठ. मला हवं होतं ते सगळं मिळालं. साताऱ्याच्या आळ्या माझ्या, करंजे माझं, माहुली माझी, कोरेगावपर्यंतची गावं माझी. बायका ओसरीवर येऊन माझ्यापुढं हात करायच्या. धाकटा बाहेर गाडीपाशी थांबायचा आणि कुणी विचारलं की सांगायचा, "भरनारा दादा. मी निस्ता डायव्हर." आणि तरी मी जळायचोच. आत बसून माझे कान बाहेर असायचे, तिथं त्याच्याभोवती माणसं जमलेली असायची, हसणं चाललेलं असायचं. दोष त्यानं डोक्यावर घेतला होता आणि तो घेऊन हा माणूस शीळ घालत गाडी पुसत होता. चार घास जास्त जेवत होता. माझ्यावर कुणाचा आरोप नव्हता आणि मला अन्न गोड लागत नव्हतं. गाडीचा हेवा मी समजू शकत होतो. हा हेवा कशाचा ते मला सांगता येईना.

श्रावण लागला आणि त्या ऊसवाल्यांच्या घरून निरोप आला. नात पहिल्या पंचमीला सांगलीहून माहेरी आली होती. हवालदारानं सांगून पाठवलं होतं, झालं गेलं सोडा, दोघंबी या. आबांना रडू आलं. मी आदल्या दिवसापासून ताप आल्याचं सोंग करून बघितलं, पण आबांनी कपाळाला हात लावून ते मोडीत काढलं.

पाऊस भुरभुरत होता म्हणून धाकटा त्या दिवशी बाहेर थांबला नाही, सोप्याच्या दाराशी पायरीवर टेकला. मी पेटी उघडली. तिनं हात पुढं केला. मी नेहमीप्रमाणं मनगटावर नजर ठेवली आणि अंगठ्याच्या मुळाशी ती खूण दिसली, बोटाच्या पेराएवढी, अजून गुलाबी. बांगडी चढवायची तर माझा अंगठा नेमका तिच्यावरच दाबावा लागणार होता. दुसरा रस्ताच नव्हता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई मामा. भरा तुमी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "धाकट्या मामांस्नी घरात कुनी बोल लावला न्हाई न्हवं? त्येंची चूक न्हवती. दोन बांगड्या गेल्यावर त्येंनी हात आकडता घेतला व्हता. म्हनलं, पोरी, माप बारीक वाटतंय, ऱ्हाऊ दे. मीच म्हनलं, थोरल्या मामांनी दिल्यात न्हवं? मग बसत्याल. दाबा."

मी बांगड्या भरत राहिलो. काय करणार होतो? तिच्या हातात काच घुसली ती माझ्यावरच्या भरवशानं. धाकटा थांबला होता, तिनंच त्याला थांबू दिलं नव्हतं. आणि म्हणजे धाकट्याला तिथंच वाटलं होतं की माप बारीक आहे. घरी येऊन आबांपुढं तो त्यातलं एक अक्षर बोलला नव्हता.

दोन-सहाच्या बांगड्या कुरकुर न करता जाऊन बसल्या. आजी बघत होती. "बगा, कशा सरळ ग्येल्या," ती म्हणाली. "कंचं माप म्हनायचं ह्ये?"

पायरीवर धाकटा होता. पाच हातांवर. मी सव्वादोन म्हणालो असतो तर आजीला काय कळलं असतं? पण नातीचा हात माझ्या हातात होता आणि माझा अंगठा त्या खुणेवर. मला खोटं बोलवेना.

"दोन-सहा," मी म्हणालो.

पायरीवर काही हालचाल झाली नाही. नात वाकून माझ्या पाया पडली, आजीनं सुपातून धान्य आणून पेटीशेजारी ठेवलं, हवालदारानं धाकट्याला गाडीबद्दल काहीबाही विचारलं आणि त्यानं हसून उत्तरं दिली. मग आम्ही निघालो.

कोरेगाव मागं पडलं तरी तो बोलला नाही. एरवी हा रस्ताभर गात असायचा. पावसानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि मी त्या पाठीकडं बघत मनातल्या मनात एकच वाक्य जुळवत होतो. ते मी तीन महिने जुळवत होतो. माहुलीच्या पुलावर पोचेपर्यंत ते तयार झालं, तोंडापर्यंत आलं, आणि तेवढ्यात धाकट्यानं गाडी हळू केली.

"दादा," मान न वळवता तो म्हणाला, "लगीन झालं की पोरींचा हात भरतो, न्हवं रं? माप वाडतंय?"

बारा वर्षांची पोर असो की साठ वर्षांची बाई, हात कसा आणि कधी भरतो हे मला विचारायची त्याला गरज नव्हती. कासाराच्या पोटी तोही जन्मला होता. तीन महिन्यांत माप बदलत नाही हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. माझं उत्तर त्यानंच शोधून माझ्या हातात ठेवलं होतं, मी फक्त ते घ्यायचं होतं. एवढं मोठं मन यानं कुठून आणलं, या विचारानं मी तेव्हासुद्धा जळालो, आधी कधी जळालो नव्हतो एवढा.

"व्हय," मी म्हणालो. "भरतो की."

"मग झालं," धाकटा म्हणाला, आणि त्यानं गाडी चढाला लावली.